पाळी जाताना उडालेली झोप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. ओपीडीत बायका पाळीचं, पिशवीचं, गाठींचं आधी सांगतात. झोपेचं निघतं ते उठता उठता, पर्स खांद्याला लावल्यावर: "आणि हो डॉक्टर, रात्री झोप अशी लागतच नाही. पण ते वयाचंच असणार ना?" वयाचं असलं तरी त्यावर उपाय आहेत, आणि ते सोसत बसायची गरज नाही. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. औषध सुरू किंवा बंद मात्र तुम्हाला तपासलेल्या डॉक्टरांनाच विचारून करा.

१. मी ४७ वर्षांची आहे. अकराला झोप लागते, पण अडीच-तीनला टक्क जाग येते आणि पाचपर्यंत नुसती कूस बदलत राहते. हे पाळी जाण्यामुळे असेल का?

बहुधा हो. आपल्याकडे पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी कायमची थांबते, पाश्चात्त्य देशांतल्यापेक्षा चार-पाच वर्षं आधी. त्याआधीची काही वर्षं हार्मोन्स वरखाली होत असतात. या काळात झोप लागण्यापेक्षा ती टिकण्याचीच तक्रार जास्त असते. गाढ झोपेचा मोठा वाटा रात्रीच्या पहिल्या भागात संपतो. दोननंतरची झोप पातळ असते, ती कशानेही मोडते. पण कारण प्रत्येकीचं वेगळं असतं: घाम, लघवी, घोरणं, पायांची चुळबुळ, थायरॉइड, काळजी. तुम्हाला नक्की कशाने जाग येते हे कळल्याशिवाय उपचार ठरवता येत नाही. ते शोधायची सोपी रीत प्रश्न ३ मध्ये आहे.

२. पाळी अजून येते, फक्त पुढेमागे होते. तरी हा त्रास सुरू होऊ शकतो का? रक्त तपासून घेऊ का?

होऊ शकतो. पाळी लागोपाठ १२ महिने आली नाही की रजोनिवृत्ती झाली असं आम्ही म्हणतो, पण झोपेचा त्रास त्याच्या कितीतरी आधी सुरू होतो. पंचेचाळिशीनंतर लक्षणं स्पष्ट असतील तर एफएसएच, म्हणजे अंडाशयांना चालना देणारं हार्मोन, तपासण्याची गरज नसते. या काळात तो आकडा आज एक तर महिन्याने दुसराच असतो. त्यापेक्षा हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि साखर तपासा, झोप उडवणारी बरीच कारणं तिथे सापडतात. चाळिशीच्या आत पाळी थांबली असेल तर मात्र एफएसएच तपासायलाच हवं.

३. डॉक्टरांकडे जाण्याआधी मी घरी काय करू?

दोन आठवडे एक वही ठेवा. माझ्याकडे आलेल्या एका ताईंनी दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानांवर लिहून आणलं होतं: "२.४० गाऊन ओला. ४.१० लघवी. मग ५ पर्यंत जागी, मुलाच्या लग्नाचे विचार." चौदा रात्रींपैकी अकरा रात्री "गाऊन ओला" होतं. झोपेच्या गोळीसाठी आलेल्या त्या बाईंना गरज होती रात्रीच्या घामावरच्या उपचाराची. महागड्या तपासण्यांनी इतकं सरळ उत्तर क्वचितच दिलं असतं.

वेळ घड्याळ बघून लिहू नका, सकाळी अंदाजाने लिहा. अंथरुणाला कधी पाठ टेकली, किती वेळा आणि कशाने जाग आली, घाम होता का, दुपारी झोपलात का, शेवटचा चहा कधी घेतला, एवढं पुरे. शेजारी झोपणाऱ्यालाही विचारा: मी घोरते का? श्वास मध्येच थांबल्यासारखा वाटतो का?

४. अंगातून वाफा येतात म्हणजे नेमकं काय होतं? आणि किती वर्षं?

मेंदूत शरीराचं तापमान राखणारं एक केंद्र आहे. इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन उतरू लागलं की तिथल्या काही पेशी अतिसंवेदनशील होतात. एरवी जो उष्णतेतला फरक जाणवतही नाही, तेवढ्याने शरीर "फार तापलं" समजून रक्तवाहिन्या फुलवतं आणि घाम सोडतं. छातीतून वर मानेपर्यंत वाफ चढते, धडधडतं, दरदरून घाम सुटतो, आणि पाच मिनिटांनी थंडी वाजते. पंखा लावा, बंद करा, चादर घ्या, फेका, यात झोप जाते. अमेरिकेत हजारो बायकांना वर्षानुवर्षं तपासत आलेल्या "स्वान" अभ्यासात हा त्रास साधारण सात वर्षं राहिल्याचं दिसलं. म्हणून "सहा महिने कळ काढ, जाईल" हा सल्ला मला पटत नाही.

५. हार्मोन थेरपी घेतली की झोप येते का?

हार्मोन थेरपी, म्हणजे कमी झालेली हार्मोन्स औषधाने भरून देणं, ही झोपेची गोळी नव्हे, हे आधी सांगते. रात्रीच्या घामाने जाग येत असेल तर इस्ट्रोजेनइतकं गुणकारी औषध दुसरं नाही. घाम थांबतो, म्हणून झोप सलग होते. घाम अजिबात नसेल तर नुसत्या झोपेसाठी ही थेरपी सुरू करण्यात फारसा अर्थ नाही, अशांनी प्रश्न १० वाचावा.

एक पूरक फायदा आहे. ज्यांची पिशवी जागेवर आहे त्यांना इस्ट्रोजेनबरोबर प्रोजेस्टेरॉनही द्यावं लागतं, नाहीतर पिशवीचं अस्तर वाढत जाऊन कॅन्सरचा धोका होतो. नैसर्गिक, म्हणजे मायक्रोनाइज्ड, प्रोजेस्टेरॉन तोंडाने घेतलं की शरीरात त्याचा असा एक पदार्थ बनतो जो मेंदूला शांत करतो. रोज १०० मिलिग्रॅम, किंवा महिन्यातले १२ दिवस २०० मिलिग्रॅम अशी नेहमीची मात्रा असते. कॅप्सूल झोपताना घ्यायची. कृत्रिम प्रोजेस्टिनमध्ये हा गुण नाही, म्हणून झोपेची तक्रार असेल तर कोणतं प्रोजेस्टेरॉन लिहिलंय हे डॉक्टरांना जरूर विचारा.

६. गोळी घेऊ की जेल?

इस्ट्रोजेनची गोळी स्वस्त आणि सोयीची असते. जेल दंडाला किंवा मांडीला रोज चोळायचं. ते कातडीतून थेट रक्तात जातं, यकृताला वळसा घालून. त्यामुळे गोळीने रक्ताच्या गुठळीचा जो धोका वाढतो तो योग्य मात्रेतल्या जेलने वाढलेला दिसत नाही. वजन जास्त असेल, बीपी किंवा मधुमेह असेल, अर्धशिशी असेल तर मी जेलकडेच वळते. लावल्यावर ते वाळू द्या, हात धुवा, आणि तासभर तरी ती जागा नातवंडांच्या अंगाला लागू देऊ नका. कातडीवर चिकटवायचा पॅच हा तिसरा प्रकार आपल्याकडे सहज मिळत नाही.

७. पण हार्मोनने कॅन्सर होतो ना? माझ्या आधीच्या डॉक्टरांनीच नको म्हणून सांगितलं.

ही भीती कुठून आली ते सांगते, म्हणजे तिचं वजन तुम्हालाच करता येईल. जुलै २००२ मध्ये अमेरिकेतल्या "विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह" या मोठ्या चाचणीतला एक भाग मध्येच थांबवला गेला. १६,६०८ बायका होत्या, त्यांचं सरासरी वय ६३. त्यांना घोडीच्या मूत्रापासून काढलेलं इस्ट्रोजेन आणि एक कृत्रिम प्रोजेस्टिन दिलं होतं. स्तनाचा कॅन्सर दर १०,००० बायकांत वर्षाला साधारण ८ जणींना जास्त झाला. बातमी जगभर गेली आणि डॉक्टरांनी रातोरात औषधं बंद केली. ज्यांची पिशवी काढलेली होती आणि ज्यांना नुसतं इस्ट्रोजेन मिळालं, त्यांच्यात हा कॅन्सर वाढला नाही, उलट थोडा कमीच दिसला. पण ती गोष्ट कानावर पोचली नाही.

ज्या बायका औषध मागायला येतात त्या ६३ च्या नसतात, ४८ च्या असतात. साठीच्या आत किंवा पाळी थांबल्यापासून दहा वर्षांच्या आत सुरू केलं तर त्रास असलेल्या निरोगी बाईला बहुधा फायद्याचं पारडं जड असतं, असं आज जगभरच्या तज्ज्ञ संस्था मानतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी या औषधांवरचे चौकटीतले कडक इशारे काढण्याचं जाहीर केलं. पिशवी असताना एकटं इस्ट्रोजेन घेण्याबद्दलचा इशारा मात्र ठेवला.

धोका शून्य आहे असं मी कुणालाही सांगत नाही. दोन्ही हार्मोन्स बरीच वर्षं घेतली तर स्तनाच्या कॅन्सरची शक्यता थोडी वाढते. म्हणून सुरू करण्याआधी स्तनांची तपासणी, मॅमोग्राफी, बीपी आणि पिशवीची सोनोग्राफी, आणि दरवर्षी पुन्हा बसून विचार: अजून हवं का, मात्रा कमी होईल का?

८. हार्मोन थेरपी कोणी घेऊ नये?

स्तनाचा कॅन्सर झालेला, हार्टअटॅक किंवा पक्षाघात येऊन गेलेला, पायात वा फुफ्फुसात रक्ताची गुठळी झालेली, यकृताचा आजार चालू असलेला, किंवा योनीतून कारण न सापडलेला रक्तस्राव होत असलेला: यांतलं काही असेल तर नाही. नियंत्रणातलं बीपी, मधुमेह किंवा थायरॉइड असताना मात्र घेता येते. "मला शुगर आहे म्हणून चालणार नाही" हा गैरसमज फार आहे. सुरू केल्यावर वाफा दोन-चार आठवड्यांत कमी होऊ लागतात, पूर्ण अंदाज यायला तीन महिने द्या.

९. शेजारणीने दिलेली झोपेची अर्धी गोळी घेते. छान झोप येते. चालू ठेवू का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतो. क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम या गोळ्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी आहे, तरी ओळखीच्या मेडिकलमध्ये "नेहमीची द्या" म्हटलं की पाकीट पुढे येतं. काही दिवस उत्तम झोप लागते. मग अर्धीने भागत नाही, एक लागते. पुढे तीही पुरत नाही आणि सोडली तर आधीपेक्षा वाईट रात्र जाते. स्मरण मंदावतं, आणि रात्री बाथरूमला उठताना तोल जातो. पाळी गेल्यावर हाडं ठिसूळ व्हायला लागलेली असतात, त्यामुळे ते पडणं साधं राहत नाही.

सुरुवातीच्या वर्षांत मीही या गोळ्या सहज लिहून दिल्या आहेत. पंधरा दिवसांसाठी दिलेली गोळी एक बाई चार वर्षं घेत राहिल्या. मनगट मोडून आल्या तेव्हा मला ते कळलं. पुन्हा कधी येणार, बंद कधी करणार, हे मी त्यांच्याशी बोललेच नव्हते.

तुम्ही महिनोन्महिने घेत असाल तर आज हे वाचून एकदम बंद करू नका. अचानक सोडल्यास घबराट, थरथर, क्वचित फिटही येऊ शकते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली मात्रा हळूहळू, काही आठवडे ते काही महिने घेऊन उतरवायची असते. ती उतरवतानाच प्रश्न १० मधली पद्धत सुरू केली तर सोडणं सोपं जातं.

१०. औषधाविना काही उपाय आहे का? "मोबाइल बघू नका, गरम दूध प्या" हे सगळं करून झालं.

आहे, आणि दीर्घ निद्रानाशावर तोच पहिला उपचार मानला जातो. त्याला सीबीटी-आय, म्हणजे निद्रानाशासाठीची विचार-वर्तन उपचारपद्धती, म्हणतात. सहा ते आठ आठवड्यांत झोपेच्या सवयी आणि झोपेविषयीचे विचार बदलायचे. पाळी जाण्याच्या वयातल्या १०६ बायकांवर अमेरिकेत झालेल्या आणि २०१६ मध्ये छापलेल्या एका चाचणीत ही पद्धत फक्त फोनवरून, आठ आठवड्यांत सहा वेळा बोलून शिकवली. निद्रानाशाची तीव्रता केवळ माहिती मिळालेल्या बायकांपेक्षा साधारण दुपटीने उतरली. वाफांची संख्या तेवढीच राहिली, पण त्यांचा जाच कमी झाला.

गाभा असा. समजा तुम्ही रात्री साडेनऊला पडता, सहाला उठता आणि खरी झोप मिळते साडेपाच तास. म्हणजे तीन तास अंथरुणात जागं राहण्याचा सराव चाललाय. उठायची वेळ पक्की करा. पाणी पाचला येतं, डबा करायचाय, मग साडेपाचच धरू. पाठ टेकायची त्याच्या साडेपाच तास आधी, बाराला. मधले अडीच तास डोळे मिटू लागले तरी आडवं व्हायचं नाही. पहिला आठवडा खरोखर जड जातो, सांगून ठेवते. पण भूक साचल्यावर जेवण गोड लागतं तशी साचलेली झोप गाढ लागते. अंथरुणातला ८५ टक्के वेळ झोपेत जाऊ लागला की दर आठवड्याला पंधरा मिनिटं आधी झोपा. साडेपाच तासांखाली कधी जाऊ नका. फिट्स किंवा बायपोलर आजार असेल, किंवा कामात वाहन चालवावं लागत असेल, तर हे एकटीने करू नका.

दुसरी गोष्ट: वीसेक मिनिटं जागी आहे असं वाटलं की उठायचं. वन-रूम-किचनमध्ये उठून जायचं कुठे, हा प्रश्न अगदी रास्त आहे. ओट्याजवळ स्टूल ठेवा, मंद दिवा लावा, लसूण सोलत बसा, जपमाळ ओढा. डोळे जड झाले की परत या. दुपारची वामकुक्षी या काळात बंद, आणि चार-पाचचा चहा शेवटचा. चहातलं कॅफिन निम्मं उतरायलाच पाच-सहा तास लागतात.

११. अश्वगंधा, शतावरी, जायफळ, सोयाबीन? आणि मेलाटोनिन?

अश्वगंधाने झोप थोडी सुधारल्याचं छोट्या चाचण्यांत दिसलंय. पण तिने यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत आणि थायरॉइडच्या पातळ्या हलू शकतात. थायरॉइडची गोळी चालू असेल किंवा कावीळ होऊन गेली असेल तर टाळा. सोयाने वाफा काहीजणींना थोड्या कमी होतात. आहारात घ्यायला काहीच हरकत नाही. दुधात चिमूटभर जायफळ आपल्या आज्याही घालत होत्या, तेवढंच घाला. चमचाभर जायफळ विषारी ठरू शकतं. शतावरीने झोप सुधारते असा भक्कम पुरावा नाही. मेलाटोनिन झोपेची वेळ सरकवायला उपयोगी, मध्यरात्री जाग येण्यावर त्याचा परिणाम तुटपुंजा. दारूने लवकर डोळा लागतो आणि तीनला हमखास उघडतो, शिवाय वाफाही वाढतात.

१२. मला दर दोन तासांनी लघवीला उठावं लागतं.

इस्ट्रोजेन कमी झालं की योनी आणि मूत्रमार्गाची त्वचा पातळ, कोरडी होते. घाई लागते, जळजळते, जंतुसंसर्ग परत परत होतो. यावर योनीत लावायचं कमी मात्रेचं इस्ट्रोजेन क्रीम चांगलं काम करतं. ते रक्तात नगण्य जातं, त्याला प्रोजेस्टेरॉनची जोड लागत नाही. साखर मात्र तपासाच. आणि नीट आठवा: लघवी लागली म्हणून जाग आली, की घामाने वा गुदमरून जाग आली आणि मग लघवी आठवली?

१३. मी घोरते असं मुलगी म्हणते. शिवाय रात्री पाय ओढल्यासारखे होतात.

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाळी गेल्यावर झोपेत श्वास अडण्याचा आजार बायकांमध्ये वाढतो. पुरुषांसारखं गडगडाटी घोरणं नसतं, म्हणून तो हुकतो. तुटक झोप, सकाळी डोकं जड, दिवसभर थकवा एवढंच दिसतं. स्लीप स्टडी, म्हणजे झोपेतला श्वास मोजणारी तपासणी, करून घ्या. अशा बाईला झोपेची गोळी दिली तर श्वास आणखी अडू शकतो.

पाय सतत हलवावेसे वाटणं आणि हलवल्यावर बरं वाटणं, यामागे अनेकदा लोहाची कमतरता असते. पाळी जाण्याआधीच्या अतिस्रावात लोह झरून जातं. देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायका रक्तक्षयी आहेत, हे पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसलं. हिमोग्लोबिन ठीक असलं तरी फेरिटिन ७५ च्या खाली असेल तर या त्रासात लोह देऊन पाहतात.

१४. मला स्तनाचा कॅन्सर होऊन गेला, टॅमॉक्सिफेन चालू आहे. घामाने रात्र रात्र जागी असते.

तुमच्यासाठी इस्ट्रोजेन नाही, पण मार्ग आहेत. व्हेन्लाफॅक्सिन कमी मात्रेत, किंवा रात्री गॅबापेन्टिन, यांनी वाफा बऱ्याच कमी होतात, आणि गॅबापेन्टिनने झोपही येते. वाफांसाठीच दिलं जाणारं पॅरॉक्सेटिन मात्र नको: यकृतात टॅमॉक्सिफेनचं रूपांतर ज्या मार्गाने होतं तोच ते अडवतं. प्रश्न १० मधली पद्धत तुम्हाला पूर्ण लागू आहे. काहीही सुरू करण्याआधी कॅन्सरतज्ज्ञांना दाखवा, "नैसर्गिक" म्हणून विकली जाणारी पावडरसुद्धा.

१५. ऊसतोडीला जात होते. ३२ व्या वर्षी पिशवी काढली. आता ३८ ची आहे, अंगाची लाही होते, झोप नाही. माझी पाळी तर कधीच गेली, मग हे काय?

ताई, आधी डिस्चार्ज कार्ड शोधा. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयं काढली होती का, त्यावर सगळं अवलंबून आहे. कार्ड हरवलं असेल तर सोनोग्राफी आणि एफएसएचवरून बराच अंदाज येतो. काढली असतील तर तुम्हाला एका दिवसात रजोनिवृत्ती आली, आणि अशा वेळी त्रास जास्त तीव्र असतो. अंडाशयं ठेवली असली तरी ती काहीशी लवकर थकू शकतात.

२०१९ मध्ये बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या पिशवी काढण्याच्या शस्त्रक्रियांवरून ओरड झाली. सरकारी समितीने सुमारे ८२ हजार बायकांची पाहणी केली, त्यात १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. पुढच्या हार्मोन्सचं काय, हे त्यांतल्या फार थोड्याजणींना कुणी समजावलं असेल. तुमच्या वयात इस्ट्रोजेन म्हणजे शरीरात असायला हवं होतं ते भरून काढणं. प्रश्न ८ मधलं काही नसेल तर साधारण पन्नाशीपर्यंत ते घ्यावं असाच सल्ला असतो, झोपेसाठी आणि हाडांसाठी, हृदयासाठीही. पिशवी नसल्यामुळे सहसा एकटं इस्ट्रोजेन पुरतं. प्रश्न ७ मधले आकडे तुमच्या वयाला लागू नाहीत, त्या भीतीने मागे फिरू नका.

१६. बायको रात्री तीनला उठून गॅलरीत बसते. मी काय करावं?

हे विचारलंत, बरं वाटलं. पंख्याचा वेग तिच्या हातात द्या, चादरी वेगळ्या करा. उशाशी पाण्याचा तांब्या आणि सुती पंचा ठेवा. सकाळचा डबा आठवड्यातून काही दिवस तुम्ही करा. तपासणीला सोबत या. ती सतत उदास असेल, कशात रस वाटत नसेल, "नको हे जगणं" असं बोलली असेल, तर झोपेची वही बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

१७. पाळी जाऊन दोन वर्षं झाली. थेरपी सुरू केल्यावर थोडं रक्त दिसलं. आणि पाळी अजून चालू असलेल्यांनी गर्भनिरोधक सोडायचं का?

पहिल्या तीन-सहा महिन्यांत थोडे डाग दिसू शकतात, तरी डॉक्टरांना कळवा. त्यानंतरही रक्त आलं, खूप आलं, किंवा थेरपी न घेता पाळी गेल्यावर एक थेंबही दिसला, तर सोनोग्राफी लगेच. दुसरं: ही थेरपी गर्भनिरोधक नाही. पन्नाशीच्या आत शेवटची पाळी आली असेल तर पुढची दोन वर्षं, पन्नाशीनंतर एक वर्ष काळजी घ्या.

१८. थेरपीला चार महिने झाले, वाफा थांबल्या, तरी तीनला जाग येतेच.

घाम गेला, सवय राहिली, असं पुष्कळदा होतं. मेंदूने तीन ही उठायची वेळच धरून ठेवलेली असते. तिथे इस्ट्रोजेन वाढवून उपयोग नाही, प्रश्न १० मधली पद्धत लागते. त्याआधी श्वास, फेरिटिन आणि टीएसएच पाहून घ्या. औषधांच्या वेळाही तपासा. एकीचं प्रोजेस्टेरॉन सकाळच्या चहाबरोबर चालू होतं, बीपीच्या गोळीला जोडून, म्हणजे विसरायला नको. दिवसभर पेंग, रात्री टक्क जागी. बाकी काही न बदलता आम्ही फक्त ती कॅप्सूल रात्री साडेनऊला हलवली.